उत्तरासोबत रीतही हवी

अमेरिकेत ह्यूस्टनला एम. डी. अँडरसन हे मोठं कर्करोग रुग्णालय आहे. २००६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या वाचनात एक शोधनिबंध आला. ड्यूक विद्यापीठातल्या एका गटानं ‘नेचर मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात दावा केला होता की, गाठीतली कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे पाहिलं की त्या रुग्णाला कोणतं केमोथेरपीचं औषध लागू पडेल ते आधीच सांगता येतं. कर्करोगाच्या डॉक्टरला याहून अधिक हवं तरी काय असतं? त्यांनी आपल्याच संस्थेतल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांना ही पद्धत नीट समजून घ्यायला सांगितलं.

दोघांनी डेटा मिळवला, निबंध समोर ठेवला आणि गणित मांडलं. उत्तर जुळेना. निबंधात सुरुवात होती, शेवट होता. मधल्या पायऱ्या पुरेशा लिहिलेल्या नव्हत्या. मग छापील उत्तरापासून मागे मागे जात, कुठे काय चुकलं असतं म्हणजे हे उत्तर आलं असतं, याचा त्यांनी माग काढला. त्यात शेकडो तास गेले. हाती लागलेल्या चुका अगदी साध्या होत्या. जनुकांची यादी एका ओळीनं सरकली होती, त्यामुळे प्रत्येक आकड्यासमोर शेजारच्या जनुकाचं नाव आलं होतं. काही औषधांच्या बाबतीत ‘लागू पडतं’ आणि ‘लागू पडत नाही’ ही लेबलं उलटी लागली होती. दोघांनी हे सगळं २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. पण तोवर ड्यूकमध्ये याच पद्धतीच्या आधारे रुग्णांवर उपचार ठरवणाऱ्या चाचण्या सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. त्या कायमच्या थांबल्या २०१० मध्ये. ‘नेचर मेडिसिन’मधला निबंध २०११ मध्ये मागे घेतला गेला, आणि त्या गटातल्या एका संशोधकानं खोटा डेटा वापरल्याचा निष्कर्ष अमेरिकी सरकारच्या चौकशीतून २०१५ मध्ये निघाला.

लबाडीला शिक्षा हाच उपाय. मला यात जास्त अस्वस्थ करते ती एका ओळीची चूक. पायऱ्या उघड्या असत्या तर ती कुणाच्याही नजरेला लवकर आली असती, आणि कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसांवरचे उपचार अशा यादीच्या भरवशावर ठरले नसते.

शाळेत गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं तर पूर्ण गुण मिळत नाहीत, रीत दाखवावी लागते. विज्ञानात मात्र गेल्या काही दशकांत उलटंच होत गेलं. प्रयोगशाळेत काय मिसळलं, किती अंशांना तापवलं हे काटेकोर लिहिण्याची शिस्त होती आणि आहे. पण प्रयोगातून निघालेले आकडे संगणकात गेल्यावर पुढे त्यांचं काय केलं, हे एखाद्या वाक्यात उरकण्याची सवय लागली. ‘अमुक सॉफ्टवेअर वापरून विश्लेषण केलं’, झालं. ही सवय किती खोल गेली आहे हे अँटन नेक्रुटेन्को आणि जेम्स टेलर यांनी २०१२ मध्ये मोजून दाखवलं. डीएनएचे छोटे तुकडे जीनोमवर, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएच्या नकाशावर, आपापल्या जागी बसवणारा ‘बीडब्ल्यूए’ नावाचा एक लोकप्रिय प्रोग्रॅम आहे. तो वापरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले ५० निबंध त्यांनी तपासले. त्यांपैकी ३१ निबंधांत प्रोग्रॅमची आवृत्तीही दिलेली नव्हती आणि कोणत्या सेटिंगवर चालवला तेही नव्हतं. सगळा आवश्यक तपशील देणारे निबंध निघाले फक्त ७.

आवृत्ती आणि सेटिंगनं एवढा काय फरक पडतो, असं कुणाला वाटेल. संगणक तर तेच आकडे दिले की तेच उत्तर देतो ना? व्यवहारात तसं होत नाही. हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना २०१९ मध्ये याचा चांगलाच अनुभव आला. रेणूंची रचना पडताळण्यासाठी पायथन भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम जगभर वापरला जात होता. तो २०१४ मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झालेला होता. हवाईच्या गटाच्या लक्षात आलं की त्याच फायली घेऊन तो वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवला की उत्तरं वेगळी येतात. कारण शोधलं तेव्हा कळलं की प्रोग्रॅम फायलींच्या जोड्या लावतो, त्या फोल्डरमधल्या क्रमानं; आणि फायलींची यादी कोणत्या क्रमानं द्यायची हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या पद्धतीनं ठरवते. प्रोग्रॅम उघडा होता म्हणून हे सापडलं. एखाद्या बंद, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात अशी गोष्ट असती तर वापरणाऱ्याला ती कळण्याचा मार्गच नव्हता.

एक्सेलची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. माणसाच्या काही जनुकांची लघुनावं ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशी होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकतं, तेही न विचारता. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जीनोमशास्त्रातले निबंध चाळले, तेव्हा ज्यांच्यासोबत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या त्यांतल्या सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये या जनुकांचीच नावं बदलली. स्प्रेडशीटमध्ये एखादा रकाना बदलला, ओढला, पुसला, तर नंतर बघणाऱ्याला त्याची खूण मिळत नाही, हे या चुकांच्या मुळाशी आहे.

ज्या नेक्रुटेन्को आणि टेलर यांनी ते ५० निबंध तपासले, त्यांनी त्याआधीच एक उपाय उभा केला होता. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या उपायाचं नाव ‘गॅलेक्सी’. त्या वेळी जीवशास्त्र एका विचित्र पेचात सापडलं होतं. डीएनए वाचणारी नवी यंत्रं येऊ लागली होती आणि प्रयोगशाळांत डेटाचा पूर लोटत होता. त्या डेटाचं विश्लेषण करणारे प्रोग्रॅम मात्र काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवावे लागत. पेशी, वनस्पती, जिवाणू यांत आयुष्य घातलेल्या संशोधकाला ते जमत नसे, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जीवशास्त्राचा प्रश्न कळत नसे. गॅलेक्सीनं हे सगळे प्रोग्रॅम एका साध्या वेबपानावर आणले. डावीकडे साधनांची यादी, मधे काम करण्याची जागा आणि उजवीकडे ‘हिस्टरी’. वापरणाऱ्याकडे ब्राउझर असला की पुरे. जड गणित दूरच्या मोठ्या संगणकांवर होतं.

उजवीकडची ही हिस्टरी माझ्या मते गॅलेक्सीचा प्राण आहे. तुम्ही एखादं साधन चालवलं की हिस्टरीत एक नवी, क्रमांक दिलेली चौकट तयार होते. काम रांगेत असेल तर ती राखाडी दिसते, चालू असेल तर पिवळी, पूर्ण झालं की हिरवी, बिघडलं तर लाल. प्रत्येक चौकटीच्या आत कोणतं साधन, त्याची कोणती आवृत्ती, कोणती सेटिंग आणि कोणत्या आधीच्या चौकटीतला डेटा वापरला, याची नोंद आपोआप राहते. ती वेगळी लिहावी लागत नाही, विसरण्याचा प्रश्न येत नाही. एक बटण दाबलं की तेच साधन त्याच सेटिंगसह पुन्हा समोर येतं. आधीचा निकाल पुसला जात नाही. नवा निकाल नव्या चौकटीत जातो. स्प्रेडशीटमध्ये जे हरवतं ते इथे मुळातच हरवू शकत नाही.

नवशिक्यांसाठीचा एक जुना धडा घेऊन पाहू. प्रश्न असा: माणसाच्या २२ व्या गुणसूत्रावर प्रथिनं घडवणारे जे डीएनएचे तुकडे आहेत, त्यांच्यापैकी कोणत्या तुकड्यात माणसामाणसांतले एकेका अक्षराचे फरक सर्वांत जास्त सापडतात? जीवशास्त्राचा विद्यार्थी हा प्रश्न चटकन समजतो, पण उत्तर कसं काढायचं ते त्याला सुचत नाही. गॅलेक्सीत तो आधी तुकड्यांची यादी सार्वजनिक साठ्यातून आणतो, मग फरकांची यादी आणतो. दोन्हींत जागा कुठे जुळतात ते एका साधनानं काढतो, दुसऱ्यानं प्रत्येक तुकड्यातले फरक मोजतो, तिसऱ्यानं मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावतो आणि वरचे पाच निवडतो. एवढं झालं की धडा त्याला सांगतो, आता या हिस्टरीतून ‘वर्कफ्लो’ काढ. म्हणजे डेटा बाजूला राहतो आणि पायऱ्यांची साखळी तेवढी वेगळी निघते. त्याच साखळीत एकेका अक्षराच्या फरकांऐवजी डीएनएमधल्या पुनरावृत्तींची यादी घातली की नव्या प्रश्नाचं उत्तर काही मिनिटांत मिळतं. आपण केलेलं काम आपल्यापासून वेगळं होऊन दुसऱ्याच्या हाती देण्याजोगं झालं, हे त्या क्षणी विद्यार्थ्याला कळतं. रीत म्हणजे काय हे शिकवणारा याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

ही हिस्टरी किंवा हा वर्कफ्लो दुवा पाठवून कुणालाही दाखवता येतो, निबंधासोबत जोडता येतो. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांना असा एक दुवा मिळाला असता तर?

आवृत्त्यांचा गुंता सोडवायला पडद्यामागे आणखी एक मोठं काम झालं आहे. जीवशास्त्राची हजारो सॉफ्टवेअर एकाच शिस्तीत बांधून, आवृत्तीसह जपून ठेवणारा ‘बायोकोंडा’ हा प्रकल्प स्वयंसेवकांनी उभा केला. त्यात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ब्योर्न ग्र्युनिंग यांचा मोठा वाटा आहे. एखादा प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या बारीकसारीक घटकांसह डबाबंद करून ठेवण्याची सोयही त्याला जोडलेली आहे. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचं विश्लेषण आज चालवायचं तर तेव्हाचाच प्रोग्रॅम, तेव्हाच्याच अवस्थेत मिळू शकतो. असलं काम करणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय बाकीचं सगळं कोसळेल.

गॅलेक्सीचा कोड मुक्त आहे. कुणीही तो उतरवून आपल्या संस्थेच्या सर्व्हरवर, अगदी आपल्या लॅपटॉपवरही बसवू शकतो. शिवाय अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातले मोठे सार्वजनिक सर्व्हर सगळ्या जगासाठी खुले आहेत. युरोपातल्या सर्व्हरचा कारभार फ्रायबुर्गहून चालतो. नाव नोंदवलं की साधारण २५० जीबी जागा फुकट मिळते. जनुकशास्त्रापासून सुरू झालेल्या या व्यवस्थेत आता हवामान, परिसंस्था, रसायन, खगोल यांचीही साधनं आली आहेत.

२०२० च्या फेब्रुवारीत, कोरोना भारतात जेमतेम पोचला होता तेव्हा, गॅलेक्सीच्या मंडळींनी एक गोष्ट केली. विषाणूच्या जीनोमबद्दल तोवर आलेल्या निबंधांतली विश्लेषणं त्यांनी सार्वजनिक सर्व्हरवर, मुक्त साधनं वापरून पुन्हा करून पाहिली आणि सगळे वर्कफ्लो जगासमोर ठेवले. एवढ्या आणीबाणीतही अनेक निबंधांसोबत मूळ डेटा किंवा विश्लेषणाचा तपशील मिळत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आता नेहमीसारखं चालणार नाही, हा त्या निबंधाच्या शीर्षकाचाच आशय होता. लेखकांत जेम्स टेलर होते. त्याच वर्षी २ एप्रिलला, वयाच्या अवघ्या चाळिशीत ते गेले; निबंध ऑगस्टमध्ये छापून आला. त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम वाढवून २०२१ मध्ये जगभरातल्या विषाणू-नमुन्यांवर सतत नजर ठेवणारी तयार व्यवस्था सगळ्यांना वापरायला दिली.

आता शिकवण्याकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीनं आपल्यासाठी खरं मोल तिथे आहे. गॅलेक्सीभोवती जमलेल्या शिक्षक-संशोधकांनी ‘गॅलेक्सी ट्रेनिंग नेटवर्क’ उभं केलं आहे. त्यात चारशेहून अधिक पाठ आहेत आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात. प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे, काय शिकायला मिळेल, साधारण किती वेळ लागेल हे दिलेलं असतं. मग पायरीपायरीनं काम, मधे मधे प्रश्न, आणि उत्तर झाकून ठेवलेलं, म्हणजे विद्यार्थ्यानं आधी स्वतः विचार करावा. सरावाचा डेटा खऱ्या संशोधनातूनच घेतलेला, पण वर्गाच्या वेळेत काम संपेल इतका छोटा केलेला. तो ‘झेनोडो’ या युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या खुल्या साठ्यात ठेवलेला असतो, त्यामुळे दुवा अचानक तुटत नाही.

संगणक-विश्लेषणाचा वर्ग घेतलेल्या शिक्षकाला ठाऊक असतं की पहिला दिवस सॉफ्टवेअर बसवण्यात जातो. एकाचं विंडोज जुनं, दुसऱ्याला परवानगी नाही, तिसऱ्याचा लॅपटॉप बंद पडतो. इथे काही बसवायचंच नसतं. आणखी एक अडचण असते: तीस विद्यार्थ्यांनी एकदम काम पाठवलं की सार्वजनिक सर्व्हरच्या रांगेत ते अडकतं. त्यासाठी युरोपच्या सर्व्हरवर शिक्षकाला आपल्या वर्गापुरती संगणकीय क्षमता आधी राखून मागता येते, तीही विनामूल्य. वर्ग कुठवर आला, कुणाचं काम लाल होऊन अडलं आहे, हे शिक्षकाला एका पानावर दिसतं.

इंटरनेट संथ असलेल्या गावातल्या महाविद्यालयाला हे झेपेल का, हा रास्त प्रश्न आहे. जीनोमच्या फायली काही जीबींच्या असतात. पण सार्वजनिक साठ्यातला डेटा हवा असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक दिला की सर्व्हर तो परस्पर आणतो. आपल्या तारेवरून जातात त्या फक्त सूचना आणि निकालाची पानं. स्वतःच्या प्रयोगशाळेतला डेटा वर चढवायचा असेल तर मात्र चांगलं इंटरनेट लागतंच. आणि रुग्णांचा खासगी डेटा परदेशातल्या सार्वजनिक सर्व्हरवर टाकणं चूक आहे. तिथे संस्थेनं आपल्याच आवारात गॅलेक्सी बसवावं, कोड त्यासाठीच मोकळा आहे.

एक मर्यादा याहून मोठी आहे. चुकीचा प्रश्न, चुकीची चाचणी किंवा मुळातच वाईट डेटा घेऊन केलेलं विश्लेषण गॅलेक्सीत कितीही वेळा केलं तरी तेच चुकीचं उत्तर देईल. पुन्हा करता येणं ही खरेपणाची हमी होत नाही. पण रीत उघडी असेल तर चूक नेमकी कुठे आहे ते दाखवता येतं, वाद मुद्द्यावर राहतो.

असा मुद्द्यावर राहिलेला वाद भौतिकशास्त्रात पाहायला मिळाला. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहरींचा शोध घेणाऱ्या अमेरिकेतल्या ‘लायगो’ प्रकल्पाच्या दोन वेधशाळांनी अशी लहर प्रथमच टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ ला ती बातमी जाहीर झाली तेव्हा त्या क्षणाचा डेटा आणि तो तपासण्याची ज्युपिटर नोटबुकंही लोकांसमोर ठेवली गेली. ज्युपिटर हेही मुक्त साधन आहे. कोड, आलेख आणि समजावून सांगणारा मजकूर त्यात एकाच पानावर राहतो; त्याचं मूळ फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये विद्यार्थी असताना लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या एका गटानं २०१७ मध्ये हाच खुला डेटा घेऊन शंका काढली की दोन वेधशाळांतल्या गोंगाटातही साम्य दिसतं. मोठी चर्चा झाली. इतर गटांनी डेटा पुन्हा तपासला, आणि लहर खरी ठरली. डेटा कपाटात असता तर शंकाही विचारता आली नसती आणि तिचं निरसनही झालं नसतं. हे संशोधन आपल्या दाराशी येऊन ठेपलेलं आहे, कारण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. सुमारे २,६०० कोटींच्या त्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यात भागीदार आहे. लायगोच्या खुल्या डेटावर काम कसं करावं हे शिकवणारे पाठ आणि कार्यशाळांची सामग्री आजही कुणालाही उपलब्ध आहे. हिंगोली, नांदेड, परभणीतल्या बीएस्सीच्या मुलांनी वेधशाळेच्या भिंती उभ्या राहण्याची वाट पाहण्याचं कारण नाही.

मुंबईत पवईच्या आयआयटीनंही या दिशेनं भक्कम काम केलं आहे. तिथल्या ‘फॉसी’ प्रकल्पानं महाविद्यालयांत पायथन, सायलॅब, आर अशी मुक्त साधनं रुजवली. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ शिक्षकाशिवायही बघत बघत करता येतात, आणि त्यांतले अनेक मराठीतून ऐकता येतात. तिथलेच प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी आपल्या संशोधनातली प्रत्येक आकृती मूळ गणनेपासून आपोआप पुन्हा तयार व्हावी म्हणून ‘ऑटोमॅन’ हे साधन लिहून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे ही शिस्त बाहेरून आणायला नको, आपल्याकडे ती आहे. ती विद्यापीठांच्या रोजच्या अभ्यासक्रमात उतरलेली नाही, एवढीच खंत आहे. आजही पदव्युत्तर प्रकल्पाच्या बांधणी केलेल्या प्रतीत रंगीत आलेख असतात, आणि ते कोणत्या डेटावरून, कोणत्या पायऱ्यांनी आले हे बाह्य परीक्षक बहुधा विचारत नाही.

जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझं सांगणं आहे. येत्या सत्रात एखाद्या शनिवारी गॅलेक्सीचा एक प्राथमिक पाठ आधी स्वतः करा, मग विद्यार्थ्यांकडून करून घ्या. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पांत निकालाच्या पानावर हिस्टरीचा दुवा देणं सक्तीचं करा आणि तोंडी परीक्षेत तो उघडून प्रश्न विचारा. ज्यांचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही चांगलं आहे त्यांनी एखादा पाठ मराठीत आणावा. मूळ लेखकांना श्रेय दिलं की भाषांतर करायला आणि वाटायला या पाठांचा परवाना पूर्ण मोकळीक देतो.